चिंचेखालची कोंडी

"मॅडम, ते झाड काढा!" साहेब म्हणाले. त्यांच्या उजव्या बुटातून तळ्याचं पाणी गळत होतं.

मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे, म्हणजे बागा आणि पायवाटा आखून देते. घरचे मला माळीणबाई म्हणतात. वसईतल्या एका तळ्याभोवतीचा वॉकिंग ट्रॅक माझाच. पाहणीला आलेले पालिकेचे साहेब चिंचेपाशी गर्दीतून वाट काढायला गेले आणि घसरून एक पाय तळ्यात.

तिथे एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला चिंच, मध्ये ट्रॅक अरुंद. अशा जागेला आम्ही पिंच पॉइंट म्हणतो. चिंच गेली की ट्रॅक रुंद, साधं गणित. पण ती चिंच म्हणजे तळ्याची शान. मी थोडी मुदत मागून घेतली.

पहिला उपाय पुस्तकी: वन-वे. ट्रॅकवर पिवळे बाण काढले. समोरून कोणी येणारच नाही, मग कोंडी कसली? दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी मंडळी बाणाच्या दिशेने, अर्धी उलटी. चर्चमधली सकाळची मिस्सा आटपून रोज फिरायला येणाऱ्या सेसिलमावशी उलट्यांच्या पुढारी.

"मावशी, बाण दिसला नाही का?"

"दिसला की. पण सगळी एकाच दिशेने चालली तर समोरून येणार कोण? एकामागोमाग एक, गप्प गप्प, तसं आम्ही मयतीला चालतो गं!"

मी बाजूला उभी राहून बघत राहिले. कोंडी चालणाऱ्यांची नव्हतीच. सावली तेवढी एकच, म्हणून तिथे उभं राहून बोलणाऱ्यांची होती. भाजीचे भाव, सुनेची नोकरी, दुखरा गुडघा. ट्रॅक दुप्पट रुंद केला असता तर दुप्पट माणसं उभी राहिली असती.

हे मी साहेबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मग सावलीच काढू. गर्दीपण जाईल." हुशार माणूस.

"साहेब, आधी त्यांना बसायला देऊन तर बघू."

झाडाच्या तळ्याकडच्या अंगाला दगडी कट्टा बांधून घेतला. बोलणारे तिकडे बसले, ट्रॅक मोकळा झाला.

पुढच्या पाहणीला साहेब 'दोन मिनिटं' म्हणून कट्ट्यावर टेकले. मावशींनी त्यांचं गाव, मुलं, शुगर, सगळं काढून घेतलं. बऱ्याच वेळाने उठताना साहेब बुंध्यावर थाप मारून मला म्हणाले, "मॅडम, असली झाडं जपली पाहिजेत हं."

"हो साहेब," मी म्हणाले.

चिंच वाचली. ट्रॅकवर आता कोंडी होत नाही. चालणारंच फारसं कोणी उरलेलं नाही. वाट आखण्याआधी माणसं चालायला येतात की भेटायला, एवढं विचारून घ्यावं.