थकलेला कर आणि दहा ओटीपी

शिरोली एमआयडीसीत माझं पॅटर्न बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. फौंड्रीत लोखंड ओतण्याआधी वाळूत साचा घेतात, त्यासाठी लागणारा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. बावीस वर्षं हेच करतोय. अर्ध्या मिलीमीटरची चूक मला लांबून दिसते. जीएसटीत घातलेला घोळ मात्र नाकासमोर असून पाच महिने दिसला नाही.

आमचे कराचे कागद आधी माझा मेव्हणा बघायचा. बायकोचा धाकटा भाऊ, गारगोटीत चार दुकानांची आणि दोन दूध संस्थांची हिशेबाची कामं करतो. गेल्या दिवाळीनंतर सासरवाडीला पंगतीत त्याने सगळ्यांदेखत सुनावलं की दाजी बिलं कधी वेळेवर पाठवत नाहीत. खरंच होतं ते, पण मला झोंबलं. मीही सगळ्यांदेखत म्हणालो, "पावणं, आजपासनं आमच्या कामात तोंड घालू नका." त्याने मान खाली घालून जेवण संपवलं. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

कर भरायला असं काय मोठं लागतं? मोबाईलवर चलन काढायचं, बँकेतून पैसे भरायचे, पावती छापायची. तारखेच्या आत, एकही महिना न चुकता मी ते करत होतो आणि मेव्हण्याची फी वाचवली म्हणून स्वतःवर खूश होतो. दर अमावास्येला बायको वर्कशॉपमध्ये येऊन मशिनांची पूजा करते. बँड-सॉ, रंधा, पटाशी यांच्याबरोबर ती त्या महिन्याच्या पावतीलाही हळदीकुंकू लावायची आणि पापडाच्या जुन्या डब्यात ठेवायची.

एप्रिलात पत्र आलं. पाच महिन्यांचा कर थकला आहे आणि तो अंदाजाने दोन लाख साठ हजार धरला आहे. मी पत्र सागवानाच्या फळ्यांखाली सरकवलं. चार दिवसांनी फौंड्रीच्या खरेदी विभागातून फोन आला: तुमच्या बिलांवरचा कर आमच्या खात्यात दिसत नाही, महिनाअखेरपर्यंत निस्तरा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. माझं बहुतेक काम त्याच फौंड्रीचं. ते गेलं की शटर ओढायचं आणि पन्नाशीत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कुणाच्या तरी कारखान्यात कार्ड पंच करायचं. मला भाकरी गोड लागेना.

शाहूपुरीत एक कर सल्लागार बाई आहेत, थकबाकीची प्रकरणं सोडवण्यात हातखंडा. आवाज असा की खालच्या चहाच्या गाड्यावरही ऐकू जावा. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "मालकीणबाई कुठायत?"

म्हटलं, घरी. तिचा काय संबंध?

"माझ्याकडं थकबाकीचं काम जोडीनं बसून होतं. सत्यनारायण समजा. एकट्यानं लपवून ठेवलेलं असतं, आन् त्यातच निम्मा घोळ असतो. जोडीनं या."

मी दुसऱ्या दिवशी बायकोऐवजी एका मित्राला घेऊन गेलो. बाईंनी दोघांना चहा पाजला आणि परत पाठवलं. फी दीडपट देतो म्हटलं, तर म्हणाल्या, दीडपट घेईन, पण जोडीनं आल्यावर.

पैशाचं सांगणं अवघड नव्हतं. तिच्या भावाचं काम काढून घेऊन मी तोंडावर आपटलो, हे सांगणं अवघड होतं. शेवटी जागा सापडली ती चटणीच्या डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीत. वर्षाची चटणी कांडायला आम्ही दोघं गेलो होतो. डंक धडधडत होता, मिरचीच्या खकाण्याने सगळ्या रांगेचे डोळे गळत होते. अशा ठिकाणी नवराबायको रडली तरी कुणी बघत नाही. मी तिच्या कानाशी वाकून सगळं सांगून टाकलं. फौंड्रीचंही.

तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग मी एवढ्या पावत्या पूजल्या, त्या कशाच्या?"

दुसऱ्या दिवशी पापडाचा डबा घेऊन आम्ही जोडीने गेलो. बाईंनी हळदीकुंकू लागलेल्या पाचही पावत्या टेबलावर ओळीने मांडल्या, एकेक क्रमांक कॉम्प्युटरवर ताडून पाहिला आणि पोटभर हसल्या. माझे सगळे पैसे सरकारच्या वेबसाईटवर माझ्याच नावावर तसेच पडून होते. चलन भरलं म्हणजे कर भरला असं नसतं. त्यानंतर विवरणपत्र भरावं लागतं, तेव्हा कुठे ते पैसे कर म्हणून जमा होतात. ते मी एकदाही भरलं नव्हतं, कारण तसं काही असतं हेच मला माहीत नव्हतं.

"दुकानदाराकडं पैसं ठेवून आलासा आन् सामान तिथंच इसरलासा," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. पत्रानंतरच्या मुदतीत विवरणपत्रं भरली की तो अंदाजाचा आकडा आपोआप रद्द होतो. उरेल तो उशिराचा दंड, बारा हजारांच्या आत. मला तिथेच पेढे वाटावेसे वाटले. "आत्ता भरून टाकूया," म्हणत बाई कामाला लागल्या आणि थांबल्या. विवरणपत्राला ओटीपी लागतो, तो नोंदवलेल्या मोबाईलवर जातो, आणि नोंदवलेला नंबर माझा नव्हता.

बायकोने नंबर बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "माझ्या भावाचा हाय," ती म्हणाली. "तुमीच लावा."

महिन्याला दोन विवरणपत्रं, पाच महिन्यांची दहा. म्हणजे दहा ओटीपी. फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करतोय तोवर बाईंनी पहिला ओटीपी मागवला आणि पलीकडून सहा आकडे आले. बाईंनी ते टाकले. वेबसाईटवरचं चक्र फिरत राहिलं आणि त्या वेळात फोन धरून गप्प बसणं फार जड गेलं. मी म्हणालो, पाऊसपाणी काय म्हणतंय. एप्रिलात! तो म्हणाला, बरं हाय. दुसरा आला, तिसरा आला. चौथ्याला त्याने माझ्या गुडघ्याची चौकशी केली. सहाव्याला मी त्याच्या म्हशीची केली. आठव्यापर्यंत बाईंनी चहा मागवला होता.

नववा येईना. वेबसाईट अडकली होती. तेव्हा मी विचारून टाकलं, विवरणपत्र राहिल्याचे मेसेज त्याच्याच मोबाईलवर येत असणार, मग बोलला का नाही?

"तुमीच म्हणलासा न्हवं, तोंड घालू नका म्हणून." मग म्हणाला, "पर दोनदा तुमच्या गेटापातूर येऊन गेलतो, दाजी. आत यायचा धीर झाला न्हाई."

गारगोटीहून शिरोली, आणि गेटवरून परत. समोर बायको होती, बाई होत्या, आणि या वेळी मिरचीचा खकाणा नव्हता.

"नववा आला," तो म्हणाला आणि आकडे सांगितले. मी ते बाईंना नीट सांगू शकलो नाही. बायकोने फोन माझ्या हातातून घेतला आणि दहावा तिने सांगितला.