हिचं काही खरं नाही

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, यंत्रांशी ज्या अदबीने वागतात, त्या अदबीने अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात माणसंही माणसांशी वागत नसतील. अंबरनाथच्या कारखान्यात उभी नोकरी मशीनच्या धडधडाटात गेली. त्या धडधडाटाने त्यांचे कान जवळजवळ नेले, पण यंत्राबद्दल वावगा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. बदलापूरजवळ शिरगावच्या त्यांच्या घरात वस्तू बिघडत नाही, दमते. मिक्सर दमला की पुसून गॅलरीत वाऱ्याला ठेवतात. इस्त्री तापेनाशी झाली तेव्हा त्यांनी तिला आजारपणाची रजा दिली आणि मावशीने तो लग्नाचा हंगाम चुरगळलेल्या साड्यांवर काढला.

बायकोचं नाव ते घेत नाहीत. ती 'ही'. शेगडी आणि इस्त्रीही 'ही'च, आणि गेल्या वर्षी टकटक करू लागलेली कॉम्प्युटरची हार्ड डिस्कही. उल्हासनगरला राहणाऱ्या माझ्या आईला त्यांनी फोन करून सांगितलं, "हिचं काही खरं नाही. आतून टकटक आवाज येतोय." मावशीच्या घशाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे आईने घाबरून कुठल्या हॉस्पिटलात नेलंय ते विचारलं. काकांना ऐकू गेलं नाही. ते म्हणाले, "घरीच आहे. सारखी उठवू नका म्हणालाय. एखाद्या वेळी उठायचीच नाही." आई शहाळी घेऊन, रिक्षात रडत शिरगावला पोहोचली. दार मावशीनेच उघडलं. ऑपरेशननंतर तिचा आवाज कुजबुजीपुरता उरलाय, त्यामुळे रडू नकोस हेही तिला हातानेच सांगावं लागलं.

ती कुजबुज काकांच्या कानापर्यंत पोहोचत नाही. मावशी टाळी वाजवून त्यांना बोलावते, बाकीचं खुणांनी. तिचा पूर्वीचा आवाज फक्त त्या डिस्कवर होता. सोसायटीच्या कोजागिरीला ती गायची ते काकांनी फोनवर रेकॉर्ड करून तिच्यात ठेवलं होतं आणि दुसरी प्रत काढलीच नव्हती. उल्हासनगरच्या दुरुस्तीवाल्याने डिस्क मुंबईला पाठवायला सुचवलं. घरचं माणूस परक्याकडे ठेवत नाहीत, असं म्हणून काकांनी ती पिशवीत घालून परत आणली. निघताना त्याने बजावलं होतं, "अंकल, बार बार चालू मत करना. जो सबसे ज़रूरी है, पहले वो निकालो."

रविवारी मी नवी डिस्क घेऊन गेलो. जुनीवर काकांच्या कारखान्यातल्या प्रत्येक मशीनचे फोटो होते. ते राहू दे, म्हणाले. मी गाण्यांचा फोल्डर उतरवायला लावला. काका हॉस्पिटलच्या बाकावर बसावं तसे मांडीवर हात ठेवून बसले. पंखाही बंद केला, तिला त्रास नको म्हणून. पहिली फाइल उतरली. दुसरी अर्ध्यावर असताना टकटक वाढली, मग थांबली. डिस्क पुन्हा उठली नाही.

उतरलेल्या फाइलमध्ये गाणं नव्हतं, गाण्याआधी घेतलेली चाचणी होती. काकांनी स्पीकर कानाशी धरला. मावशीचा जुना, मोकळा आवाज आला: "अहो, नीट धरा तो फोन. माझं ऐकू येतंय ना तुम्हाला?" तेवढंच.

मावशी त्यांच्याकडे बघत होती. काकांनी स्पीकर खाली ठेवला नाही.

"येतंय," ते स्पीकरला म्हणाले. "येतंय गं. म्हण तू."