इशाची मुनिया

मी एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करायचे. दिवसभर सॅम्पल तपासायची, रीडिंग आलं तर खरं, नाही तर खोटं... असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम थट्टाच केली. आज मीच लिहायला बसलेय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही शिक्रापूरला, चाकण रोडजवळ भाड्याने राहत होतो. खाली घरमालक आप्पा एकटेच, वर आमची खोली. मी फर्स्ट शिफ्टला, नवरा सेकंडला, त्यामुळे चार वर्षांच्या इशाजवळ आमच्यापैकी कुणीतरी असायचंच.

महिन्याभरात इशाला मैत्रीण मिळाली – मुनिया. खिडकीखाली बसून इशा एकटीच तिच्याशी बोलत राहायची. लहान मुलं करतात असं, म्हणून आम्हाला कौतुकच वाटायचं.

एका रविवारी दुपारी जेवताना इशा म्हणाली, "मुनियाला भात नको. तिला माड दे."

"माड म्हणजे काय गं?"

"माडच. तिला ताप आलाय ना."

माझं माहेर यवतचं, सासर दौंडचं. माड म्हणजे नारळाचं झाड, एवढंच आम्हाला माहीत. दुसऱ्या दिवशी पॅकिंगमधल्या एका बिहारी ऑपरेटरला विचारलं. तो म्हणाला, "माड़? चावल का पानी, मैडम. बच्चा बीमार हो तो पिलाते हैं."

घरी येताच मी आप्पांना गाठलं. आमच्या आधी कोण राहायचं, विचारलं. आप्पा पायरीवर टेकले.

"बिहारचं जोडपं व्हतं. त्येंची पोरगी तापानं गेली. वरच्याच खोलीत. मंग दोघं गावाला निघून गेली."

"नाव काय तिचं?"

"मुनिया म्हनायचे." मग खाली बघत म्हणाले, "सांगितलं असतं तर तुमी खोली घेतली नसती, ताई."

नाव इशाने कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण मग इशा घराबाहेर पडेना. "मुनियाची आई येईपर्यंत ती इथंच थांबणार. मीपण थांबणार," एवढंच म्हणायची. खाणं तुटलं. डॉक्टर झाले, सगळ्या टेस्ट नॉर्मल. पोरगी डोळ्यांदेखत वाळत चालली तेव्हा मात्र माझा धीर सुटला. आप्पांकडून मुनियाच्या वडिलांचा नंबर घेतला आणि फोन लावला.

फोन तिच्या आईने उचलला. मोडक्यातोडक्या हिंदीत जमेल तसं सांगितलं. बाई शिव्या देईल असंच वाटत होतं. पण तिने हळूच एवढंच विचारलं, "लेने आ जाएँ?"

पुढच्या रविवारी मुनियाचे आईवडील रेल्वेने पुण्याला आणि तिथून बसने शिक्रापूरला आले. माझा नवरा त्यांना स्टँडवरून रिक्षाने घेऊन आला. बाई फार तर तिशीची असेल, पण केस पिकलेले, गाल बसलेले. ती खिडकीखाली जाऊन बसली. रडली नाही. थोड्या वेळाने उठली, म्हणाली, "चल मुनिया, घर चल."

जिना उतरताना तिचा एक हात जरा बाजूला होता. एकेक पायरी थांबत थांबत उतरत होती, लहान मुलाला उतरवतात तशी.

मी इशाला जवळ घेतलं. "बघ, मुनिया गेली आईबरोबर."

इशाने खिडकीकडे पाहिलं. "नाही गेली."

"अगं, तिची आई आली होती ना न्यायला?"

"मुनिया म्हणते, माझी आई एवढी म्हातारी नाहीये."

रिक्षा अजून खालीच उभी होती. मला हाक मारता आली असती. पण काय सांगणार होते त्या बाईला?

त्याच आठवड्यात खोली सोडली, नोकरीही सोडली, दौंडला सासूबाईंकडे आलो. इशा हळूहळू जेवायला लागली. आता तिला मुनिया कोण हेसुद्धा आठवत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, एका मानसोपचारतज्ज्ञांनाही विचारलं. माड या शब्दाचं उत्तर कुणाकडेच नाही.

छठला, त्यांच्या मोठ्या सणाला, दरवर्षी त्या बाईचा फोन येतो. इशाची चौकशी करते आणि म्हणते, "मुनिया अब घर पर है दीदी, चैन से है."

मी म्हणते, "हाँ."