अस्सल

छातीवर उजवा हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "अस्सल! एकदम अस्सल!" ही सरांची रीत. समोर शेळी असो, चूल असो नाहीतर पडकी भिंत, डोंगरात शिरलं की दर दहा पावलांवर त्यांना अस्सल काहीतरी सापडायचंच. असे लोक तुम्हीही पाहिले असतील. मी मात्र एक फार जवळून पाहिला, कारण त्यांचा कॅमेरा मी धरला होता.

माझं शहाद्याला लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. हे सर नंदुरबारला चांगल्या पगाराच्या नोकरीत, मूळचे तापीकाठच्या शेतकरी घरातले. बोलीभाषांतल्या चित्रपटांसाठी सरकारी पुरस्कार असतो, भाषांचं आणि संस्कृतीचं वैविध्य जपावं म्हणून जनतेच्या पैशातून दिलेला, हे त्यांना कळलं आणि त्या दिवसापासून त्यांना तोरणमाळच्या डोंगरातल्या पावरी बोलीचा उमाळा आला. त्याआधी तिचा एक शब्द त्यांना येत नव्हता. पुढेही आला नाही.

स्वतःच्या बोलीची मात्र त्यांना भारी लाज. त्यांच्या घरी गेलो तेव्हा आई दारातूनच म्हणाली, "जेवी लिधं का रे, भाऊ?" सर लगेच पुढे. "आई, पाहुण्यांशी नीट मराठीत बोल." मी माउलीला तिच्याच अहिराणीत उत्तर दिलं, तर सर माझ्याकडेही डोळे वटारून बघायला लागले.

तोरणमाळच्या खालच्या एका पाड्यावर आम्हाला एक म्हातारी मिळाली. तिच्या आयुष्यावरच चित्रपट होता. झोपडीत निळी प्लास्टिकची घागर होती, ती सरांनी बाहेर काढली आणि शहाद्याच्या बाजारातून मातीचा माठ आणवला. सौरदिवाही काढला. म्हातारीला तो माठ बघून इतकं हसू आलं, की खोकल्याची उबळ थांबेना. तिला दम्याचा त्रास होता. दोन वाक्यांमध्ये एक खोकला ठरलेला. सर कपाळावर हात मारायचे. "कट! भाऊ, हिला खोकू नको म्हणून सांग ना."

मी काय सांगणार? लग्नांच्या निमित्ताने मला थोडी पावरी येते. म्हातारी मोहाची फुलं वेचण्यावरून सुनेला शिव्या घालत होती, मेलेल्या नवऱ्याची टर उडवत होती. असं रोखठोक, मजेदार बोलणं मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

एकदाच मला सरांची दया आली. चढावर त्यांच्या पायात बाभळीचा काटा घुसला आणि ते मटकन खाली बसून ओरडले, "अरे माय वं, काटा रुतना वं!" क्षणभर माणूस अगदी आपल्यातला वाटला. मग रुमालाने तोंड पुसून म्हणाले, "काटा रुतला." माझी दया तिथेच संपली.

चित्रपट तयार व्हायच्या आत म्हातारी गेली. तिची मुलगी मला बाजारात भेटली. घरात आईचा फोटोसुद्धा नव्हता. बाजारातल्या अहिराणीत तिने एवढंच विचारलं, "दादा, पिक्चरमा मन्ही माय बोलस ना?" मी म्हणालो, बोलते, भरपूर बोलते. आवाजाची एकमेव फाइल मीच सरांच्या हवाली केली होती.

पुरस्कार मिळाला. 'भाषेचा अस्सल बाज' म्हणून परीक्षकांनी कौतुक केलं. नंदुरबारच्या सभागृहात सत्कार आणि खेळ ठरला, भाद्रपदात. डोंगरात ते दिवस नवाईचे. नवं धान्य आधी घरातल्या गेलेल्या माणसांना द्यायचं, मगच जिवंतांनी तोंडात घालायचं. मुलगी सगळं घर जीपमध्ये घालून आली. यंदा माय जिथे बोलते तिथेच तिला द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. ओटीतली मक्याची कोवळी कणसं तिने पडद्याखाली मांडली आणि समोर जमिनीवरच बसली. सर छातीवर हात ठेवून म्हणाले, "अस्सल!"

दिवे गेले. पडद्यावर म्हातारी आली, तिने तोंड उघडलं, आणि आतून कोणा शिकलेल्या बाईचा गोड, घोटवलेला आवाज आला, पावरीतच, पण धडा वाचल्यासारखा. सरांनी सगळं बोलणं पुन्हा भरून घेतलं होतं.

मुलगी उठून उभी राहिली. "तोंड तिनं शे, आवाज दुसरीना शे! तिना खोकला कोठे गया?"

"ताई, बसा, बसा," सर धावले. "आवाज फक्त साफ केलाय. परीक्षकांना कळायला नको?"

मी त्यांना बाजूला ओढलं. मूळ आवाज कुठे आहे, विचारलं.

"तो रफ होता, भाऊ. उडवला. कशाला ठेवायचा?" त्यांच्या चेहऱ्यावर साधं ओशाळलेपणही नव्हतं. मग मंचावरून नाव पुकारलं गेलं आणि ते जाकीट सारखं करत निघून गेले. आता ते त्याच पुरस्काराचे परीक्षक आहेत म्हणे. त्यांना जपायला आणखी पुष्कळ बोली शिल्लक आहेत.

बाहेर जीपपाशी मुलं भुकेने कुरकुरत होती. म्हातारीच्या मुलीने एकेक कणीस उचलून परत ओटीत घेतलं होतं. आत टाळ्या वाजत होत्या.

"दादा," ती म्हणाली, "आते हाऊ मका कोनले देऊ?"