उपड्या टोपल्यांचा दावा

लिहायला बसलो खरा, पण हे धाडस मला शोभतं का, याची खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांच्याबद्दल जाणत्या माणसांनी लिहायला हवं. त्यांच्या सभा, विधानसभेतली भाषणं, पक्षातलं वजन यातलं मला फारसं काही ठाऊक नाही. मी त्यांना एका दाव्यात पाहिलं, एवढंच. चुकलंमाकलं असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

ते देवळ्याकडच्या कांदा पिकवणाऱ्या घरातले. वकिली शिकायला नाशिकला आले आणि इथलेच झाले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमदार झाले, तरी लोक त्यांना ‘वकीलसाहेब’च म्हणत आणि त्यांनाही ते आवडत असावं. अधिवेशन नसेल तेव्हा काळा कोट घालून कोर्टात जात. सकाळी घराच्या ओसरीवर लोक गाऱ्हाणी घेऊन यायचे, त्यांनाही ते साक्षीदाराला विचारावेत तसे प्रश्न विचारायचे. “तू स्वतः पाहिलंस, की कुणी सांगितलं?” ऐकीव गोष्ट सांगणाऱ्याला चहा मिळे, पण अर्ज काही पुढे सरकत नसे. लोक कुरकुरत. मला मात्र ती पद्धत फार आवडे.

आमचा शहराबाहेर फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. आई नदीकाठच्या बाजारात बसून ती विकायची. तिथं बायकांची एक लांब रांग होती. कुणाकडे फुलं, कुणाकडे पालेभाज्या. माझी फी त्याच रांगेतून निघत होती. जागेचा कागद कुणाकडेच नव्हता. जिची जागा तिची, हे सगळ्यांना माहीत होतं.

रांगेचा एक रिवाज होता. एखादी बाई आली नाही तर शेजारीण तिच्या जागेवर रिकामी टोपली उपडी घालून ठेवायची. मग तिथं दुसरं कुणी बसत नसे. आणि रांगेतलं कुणी वारलं, तर दहाव्याला अख्खी रांग बंद. प्रत्येकीची टोपली उपडी. मेथी विकणारी सायखेड्याची मावशी गेली, तेव्हा साऱ्या बायका एसटीनं तिच्या दहाव्याला गेल्या. नेमक्या त्याच सकाळी जागेचा ताबा असलेल्या सरकारी कार्यालयाची माणसं पाहणीला आली. रांगेत कुणी नाही म्हणून जागा मोकळी ठरवली गेली आणि तिथं गाड्या उभ्या करायचं ठरलं.

आई आणि चार बायका साहेबांकडे गेल्या. मीही गेलो होतो.

“दादा, एक फोन लावा तुम्ही,” आई म्हणाली. “आमदार हाय तुम्ही. कोन नाय म्हनंल?”

“लावतो,” साहेब म्हणाले. “उद्या तुमची जागा राहील. परवा दुसरा आमदार आला, त्यानंही फोन लावला, मग?”

“मंग तुम्हालाच परत निवडून देऊ की!”

साहेब हसले. “माझा भरवसा धरू नका, मावशी. कोर्टाचा हुकूम घेऊ. तो माझ्यानंतरही टिकेल.”

बाहेर आल्यावर आई चिडलीच. “आमदार केला कशाला मंग? वकील तर तो आधीपन व्हता!”

दावा दाखल झाला. निकालापर्यंत बायकांना उठवू नये, एवढा तात्पुरता हुकूम मिळाला. तो निकाल विरुद्ध गेला असता तर आईला घरोघर पाटी घेऊन फिरावं लागलं असतं आणि मलाही बहुतेक मळ्यात परतावं लागलं असतं.

फी न घेता साहेब तारखेला यायचे. पक्षातली काही माणसं हसायची. आमदार असून टोपलीवाल्यांच्या दाव्यात उभा राहतो म्हणे. एकदा कोर्टाच्या आवारातच एकानं टोमणा मारला, “साहेब, मंत्री कधी होणार? की इथंच मेथी निवडत बसणार?” साहेब म्हणाले, “मेथी निवडलेली बरी. भाजीत माती येत नाही.”

आईची साक्ष झाली तो दिवस मी कधी विसरणार नाही. पिंजऱ्यात उभी राहताना तिनं डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला. समोरच्या वकिलांनी विचारलं, “पाहणीच्या दिवशी तुम्ही कुठं होता?”

“सायखेड्याला. दहाव्याला.”

“म्हणजे जागेवर नव्हता.”

“नव्हते. पन जागा सोडली नव्हती. टोपली उपडी ठेवली व्हती.”

“उपडी टोपली काय बाजार करते का, बाई?”

लोक हसले. आईनं साहेबांकडे पाहिलं. साहेब खाली मान घालून बसले होते, मदतीला आले नाहीत. मग तीच म्हणाली, “तुम्ही खुर्चीवर कोट टाकून जेवाया जाता ना, साहेब? मंग दुसरा वकील बसतो का तिथं?”

या वेळी न्यायाधीशही हसले. साहेबांनी मान वर केली नाही, पण त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

पुढच्या तारखेला पाहणी करणारे अधिकारी साक्षीला आले. साहेब उभे राहिले. आवाज अगदी साधा, ओसरीवर विचारायचे तसाच.

“त्या सकाळी तुम्ही स्वतः तिथं गेला होता?”

“हो.”

“काय दिसलं?”

“काही नाही. मोकळी जागा. नुसत्या टोपल्या पडल्या होत्या.”

“पडल्या होत्या, की ओळीनं ठेवल्या होत्या?”

“ओळीनंच होत्या.”

“उपड्या?”

“हो.”

“किती?”

“मोजल्या नाहीत.”

“ठीक आहे,” साहेब म्हणाले आणि खाली बसले. मला वाटलं, आता ते मोठं भाषण करतील. त्यांनी केलं नाही. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की आपणही वकिली शिकायची. घरी सांगायला मात्र मला पुष्कळ दिवस लागले.

निकालाची तारीख पडली तेव्हा साहेब हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला होते. कोर्टात त्यांच्या हाताखालच्या वकीलबाई उभ्या राहिल्या. हुकूम इंग्रजीत वाचला गेला. मला निम्माच कळला. वकीलबाईंनी बाहेर येऊन सांगितला, तेव्हा बायका एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या.

कोर्टासमोरच्या एसटीडी बूथवरून मी नागपूरच्या आमदार निवासात फोन लावला. साहेब सभागृहात होते. पुन्हा लावला, तेव्हा बैठकीत होते. आई बूथच्या दारातून हलायला तयार नव्हती. मी म्हटलं, निरोप ठेवू. ती म्हणाली, “निरोप नको. मी सांगनार.”

दिवस कलताना अखेर ते लाईनवर आले. मी काही बोलण्याआधीच आईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि नागपूरपर्यंत फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “दादा, जिकलो! जज्जसाहेबांनी लिहून दिलं. जागा आमचीच हाय, आता कोनी उठवनार नाय!”