शून्यावर परत येणारी पट्टी

घरच्या छोट्या लेथ मशीनला, हत्यार किती सरकलं ते आकड्यांत दाखवणारी डिजिटल पट्टी लावायची म्हणून मी वाशीमला गेलो होतो. दुकानदाराने दोन स्वस्त पट्ट्या पुढे ठेवल्या. सारख्याच दिसत होत्या. कोणती घ्यावी ते कळेना.

शेजारी बेअरिंग घ्यायला आलेला एक म्हातारा कारागीर उभा होता. न विचारताच त्याने एक पट्टी उचलली, तिच्यावर अंगठ्याचं नख रोवलं, सरकता भाग नखाला टेकवून शून्य केलं. मग डोळे मिटून, आतलं काही ऐकल्यासारखा, तो भाग झरझर मागेपुढे पळवत राहिला. पुन्हा नखाला टेकवून म्हणाला, "काय दावते?"

"तीन शतांश," मी म्हणालो.

दुसरीवरही त्याने तेच केलं. ती मात्र बरोबर शून्यावर आली.

"आकडे तं दोन्ही दावतात, भाऊ. फिरून आपल्या जागी वापस येते का, थे पाहा."

तीच घेतली. आता संध्याकाळी काम संपलं की मी पट्टी शून्य करतो, डोळे मिटून लेथचं चाक फिरवत तिचा सरकता भाग दूर नेतो आणि नुसत्या हाताच्या अंदाजाने परत आणतो. पट्टी चुकत नाही. डोळे उघडतो तेव्हा मीच कधी शून्याच्या अलीकडे असतो, कधी पलीकडे.