भिंतीकडे तोंड

आपल्या पोटच्या मुलीच्या नोकरीच्या ठिकाणी तिकीट काढून शिरावं लागेल, असं एर्सिलियाला कधी वाटलं नव्हतं. खिडकीतल्या पोरीने तिला ओळखलंच.

"काकू, तुम्ही कशाला तिकीट काढताय? नुन्झियाला हाक मारते ना."

"तिला काही बोलू नकोस," एर्सिलिया घाईने म्हणाली. "आज मी पर्यटक आहे."

गळ्यातला रुमाल नाकापर्यंत ओढून ती उत्तरेकडच्या, मिलानकडून आलेल्या मंडळींच्या मागे जाऊन उभी राहिली. पुढे जिन्याच्या तोंडाशी टॉर्च घेऊन तिची लेक नुन्झिया, इथली गाइड, उभी होती. सहावा महिना. डॉक्टरांनी जिने टाळायला सांगितले होते, आणि ही बाई दिवसातून कितीदा तरी चर्चखालच्या त्या हाडांच्या तळघरात उतरत होती. आधीची दोन्ही बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्याचं काय होतं या धास्तीने एर्सिलियाचं चित्त हल्ली थाऱ्यावर नसे. काल तर तिने एका हातमोज्याला अंगठा भलत्याच बाजूला शिवून ठेवला होता. सानिता या त्यांच्या वस्तीतल्या तिच्या वयाच्या बायका लहानपणापासून घरबसल्या हातमोजे शिवत आल्या, आणि असली चूक नवशिकीसुद्धा करत नाही.

पण आज ती मुलीवर नजर ठेवायला आली नव्हती. ती फोर्तुनातोकाकांकडे आली होती.

हे काका म्हणजे एक कवटी. कुणाची, ते कुणालाच ठाऊक नाही. जुन्या प्लेगमध्ये गेलेल्या हजारो बेवारशांपैकी एक. एर्सिलियाच्या राफिलीना मावशीने ती सांभाळायला घेतली होती, आणि नाव तिला स्वप्नात कळलं होतं. दर सोमवारी मावशी छोट्या एर्सिलियाला घेऊन खाली यायची, मऊ फडक्याने कवटी पुसायची, दिवा लावायची. मेल्यानंतरच्या आगीत तळमळणाऱ्याला वरच्यांनी प्रार्थनेचा गारवा द्यायचा, आणि गारवा मिळालेल्याने वरच्यांचं काम करायचं, असा सरळ व्यवहार. मावशी गेली तेव्हा शिलाई मशीन आणि फोर्तुनातोकाका, दोन्ही एर्सिलियाकडे आले. काकांनी तिच्या नवऱ्याला बंदरात काम लावून दिलं, नुन्झियाला गोवरातून उठवलं. निदान एर्सिलिया तसं मानायची.

नुन्झियाचं दुसरं बाळ गेलं त्या आठवड्यात मात्र ती दिवा न घेताच खाली उतरली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने काकांना अरे-तुरे केलं. "एवढा गारवा दिला तुला, आणि तुला एक जीव राखता आला नाही?" असं म्हणून तिने कवटीचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. सानितात यापेक्षा मोठा अपमान नाही. तोंड फिरवलेला पुन्हा कुणाचाच राहत नाही.

पुढे तळघर दुरुस्तीसाठी बंद झालं आणि उघडलं ते दिवे, दोऱ्या आणि तिकिटांसकट. नुन्झियाला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा एर्सिलियाला आधी आठवलं ते भिंतीकडे केलेलं ते तोंड.

खाली ओल तशीच होती. नुन्झिया एक हात कमरेवर ठेवून सांगत होती, आणि प्रत्येक पायरीला एर्सिलिया तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. तिसऱ्या कोनाड्यापाशी टॉर्चचा उजेड थांबला.

"ही एक बघा. हिचं तोंड भिंतीकडे आहे. कुणा बाईचं मागणं पुरं झालं नाही, म्हणून तिने रागाने फिरवलंय."

"म्हणजे कट्टी?" एक गृहस्थ हसत म्हणाले. "आमच्याकडे बायका नवऱ्याला अशी शिक्षा देतात."

"तुमचं तोंड बरेचदा भिंतीकडे असणार मग," त्यांची बायको म्हणाली, आणि सगळे हसले.

"काय मागितलं होतं तिने?" आणखी कुणी विचारलं.

नुन्झियाने टॉर्च कवटीवरून हटवला. "कोण जाणे. लॉटरीचा आकडा असेल."

मंडळी पुढच्या दालनात फोटो काढायला गेली. एर्सिलिया मागेच रेंगाळली आणि दोरीवरून वाकून तिने हात पुढे केला.

"बाई, हात लावायचा नाही," मागून आवाज आला. मग हळू आवाजात, "आणि रुमाल काढ, आई. गुदमरशील."

एर्सिलियाचा हात हवेतच राहिला. "तू केव्हा ओळखलंस?"

"जिन्यावर. माझ्या प्रत्येक पायरीला 'हळू, हळू' कोण पुटपुटतंय? मिलानची माणसं?"

"हे मीच केलंय, नुन्झिये."

"माहितीये. राफिलीना आजीचे काका मला ओळखू येणार नाहीत? दोनदा मी सरळ केलं त्यांना."

"तू?" लेक कॉलेजात इतिहास शिकली होती, या सगळ्याला ती भाबडेपणा म्हणायची.

"मी. घाबरले होते, काय करू? पण आमचे साहेब परत भिंतीकडे करून ठेवतात. माहितीपत्रकात तसाच फोटो आहे म्हणे."

एर्सिलिया पांढरी पडली. "म्हणजे दोनदा आणखी अपमान झाला. अगं, हे मी काय करून बसले."

"साहेब आज नाहीत," नुन्झिया म्हणाली. तिने टॉर्च जमिनीकडे वळवला आणि पाठ फिरवून उभी राहिली. "लवकर कर."

एर्सिलिया दोरीखालून आत शिरली. कवटी बोटांना ओलसर लागली. "घाम आलाय त्यांना. त्रास होतोय."

"ओल आहे, आई."

एर्सिलियाने रुमालाने कवटी पुसली, मावशी पुसायची तशी, कपाळापासून खाली, आणि सरळ करून ठेवली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "माझं जे काय करायचं ते करा. हिला राखा. तुमचा गारवा चुकवणार नाही."

मावशी म्हणायची की काम होणार असेल तर छातीत हलकं वाटतं. एर्सिलियाला तसं काही वाटलं नाही. लेकीचा दमलेला श्वास तेवढा ऐकू येत होता.

"साहेब आल्यावर?"

"आले की बघू. मी पुन्हा सरळ करीन."

मंडळींना वर चढवताना नुन्झिया सर्वांत शेवटी होती, आणि तिच्याही मागे, तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर दोन्ही हात धरून एर्सिलिया. मधल्या वळणावर नुन्झिया थांबली, भिंतीला टेकली.

"दुखतंय?"

"दम लागला. नुसता दम लागलाय, आई, अशी बघू नकोस."

ती पुन्हा चढू लागली. वर आल्यावर एर्सिलिया तडक खिडकीकडे निघाली.

"आता काय?" नुन्झियाने विचारलं.

"उद्या रजा घेतेस?"

"नाही."

"मग उद्याचं तिकीट काढते," एर्सिलिया म्हणाली.